भिंतीबाहेरची मार्थामावशी

आमच्या मंडळीच्या सेक्रेटरीसाहेबांनी माझ्याकडं दोन पानं मागितली आहेत. चर्चचा महोत्सव जवळ आलाय, स्मरणिका निघणार आहे. तिच्यात 'ख्रिस्ती विश्वासातली आणि रोजच्या जगण्यातली उत्कृष्टता' या विषयावर मार्थाबाईंविषयी मजकूर पाहिजे, असा निरोप आला. सोबत सूचनाही आली: गोड लिहा, थोडक्यात लिहा, जुने वाद उकरू नका.

मी शाळेत मराठी शिकवते. कोण 'गोड लिहा' म्हणतं आणि का म्हणतं, हे मला चांगलं कळतं. मार्थामावशी माझ्या आईची थोरली बहीण. तिच्यावर गोड लिहायचं म्हणजे तिच्या ठेच्यात साखर कालवायची. ते माझ्याच्यानं होणार नाही. आणि खरं सांगायचं तर मी लिहायला बसलेय ती सूड म्हणूनच. मावशीनं तिचा सूड तिच्या पद्धतीनं घेतला. मला तिच्यासारखी भाकरी येत नाही, पण लिहिता येतं.

उमरग्याच्या अलीकडं, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून मावशीचं पत्र्याचं हॉटेल होतं. पाटी नव्हती. कर्नाटकातून येणारे ड्रायव्हर तिला 'अव्वा', म्हणजे आई, म्हणायचे, म्हणून ते अव्वाचं हॉटेल. मिळायचं काय, तर ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि असलं तर दही. चहासुद्धा नाही. "चा करायला बसले तर भाकरीकडं ध्यान ऱ्हात न्हाय," असं ती म्हणायची.

तव्यावर फुगली नाही ती भाकरी गिऱ्हाइकाला द्यायची नाही, शेळीला घालायची, असा तिचा कायदा होता. त्यावरून गावात चेष्टा व्हायची, की मार्थाबाईची शेळी चांगली गुबगुबीत असणार. प्रत्यक्षात शेळी हडकुळी होती. तिच्या वाट्याला भाकरी क्वचितच यायची. बिचारी वाट बघून शेवटी कडबाच चघळायची.

एकदा एक ड्रायव्हर घाईत होता. उभ्याउभ्याच म्हणाला, "अव्वा, दे तशीच. जरा कच्ची असली तर चालतीय."

"मला चालत न्हाय," मावशी म्हणाली. "कच्ची भाकरी पोटात आन एवढी मोठी गाडी हातात? बस खाली गुमान."

तो बसला. मावशीपुढं सगळेच बसायचे.

'नीट' हा तिचा शब्द. नीट झाड, नीट बस, नीट रड. हो, रडण्याच्या बाबतीतही. माझं लग्न मोडलं तेव्हा मी तिच्या चुलीपाशी बसून मुसमुसत होते, तर म्हणाली, "असं अर्धंमुर्धं काय रडतीस? नीट रड एकदाच आन मोकळी हो." नवीन आलेल्या पाळकसाहेबांनी पहिल्याच रविवारी लांबलचक प्रार्थना केली. दारात सलाम करताना मावशी त्यांना म्हणाली, "पाळकसाहेब, प्रार्थना नीट करत जावा. एकच गोष्ट तीन-तीनदा सांगताव. देव बहिरा हाय का?" पुढच्या रविवारी प्रार्थना निम्म्यावर आली. आमच्या मंडळीवर मावशीचे जे उपकार आहेत त्यातला हा एक.

आता त्या पोळीचं सांगते, कारण सगळं तिच्याभोवतीच फिरतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून, प्रभुभोजन असतं. बेखमीर भाकर, म्हणजे मीठ न घातलेली, न आंबवलेली गव्हाची बिनतेलाची पोळी करतात. तिचे लहान तुकडे ताटात मांडतात आणि पंचकमेटीतला, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांतला, एकेक जण ते ताट बाकाबाकांवरून फिरवतो. प्रत्येकानं एक तुकडा उचलायचा. बहुतेक ठिकाणी कुणीतरी बेकरीतून पाव आणून मोकळं होतं. आमच्याकडं मात्र मावशी होती. ती गहू स्वतः निवडायची. गिरणीत आधीच्याचं पीठ मिसळतं म्हणून शनिवारी सकाळी घरच्या जात्यावर दळायची. पोळी सुती फडक्यात गार करून माझ्या शाळेच्या फूटपट्टीनं तुकडे कापायची. सगळे सारखे, एकही तिरका नाही.

मी एकदा विचारलं, "एवढं मोजून कशाला?"

"मोठा तुकडा हुडकून उचलणारी माणसं हायत आपल्यात," ती म्हणाली. "त्यांची सोय म्या कशाला करू?"

मी म्हटलं, "मावशी, तू ड्रायव्हरच्या भाकरीला जेवढा जीव लावतीस तेवढाच या पोळीला लावतीस. काहीतरी फरक पाहिजे की."

ती पोळीवरचं फडकं सारखं करत म्हणाली, "माझे हात एकच हायत. डायवरसाठी येगळे, प्रभूसाठी येगळे, असे दोन जोड कुठनं आणू?"

स्मरणिकेला पाहिजे तो मजकूर इथंच संपला. उत्कृष्टता, विश्वास, रोजचं जगणं, सगळं यात आलं. सेक्रेटरीसाहेबांनी इथपर्यंतच छापावं आणि खाली फुलांची वेलबुट्टी टाकावी. पण एवढी मन लावून केलेली पोळी मावशी स्वतः खात नव्हती, आणि ते सांगितल्याशिवाय मी पेन ठेवणार नाही.

मावशीला एकच मुलगा, सुनील. ट्रक चालवायचा. हसरा होता, गळा गोड होता, चर्चमध्ये पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकावर बसून गाणी उचलून धरायचा. त्यानं तुळजापूरकडची रेखा पसंत केली. शेतकऱ्याची मुलगी. तिच्या घरच्यांनी एकच अट घातली, की भवानीच्या देवळात हार घालायचे. सुनीलनं घातले. कपाळाला कुंकू लावलं, तेही लावून घेतलं. मावशीला ते आवडलं नाही. महिनाभर ती त्याच्याशी बोलली नाही, आणि मग एके दिवशी स्वतः जाऊन सुनेला घरी घेऊन आली. आईचा राग तिथं संपला.

सेक्रेटरीसाहेबांचा तिथं सुरू झाला. पंचकमेटी बसली, मूर्तीपुढं हार घातला म्हणून सुनीलचं नाव मंडळीतून कमी केलं. सगळ्यांसमोर उभं राहून पश्चात्ताप कर, मग बघू, असं ठरलं. सुनील हसला. म्हणाला, "साहेब, म्या बायको केलीय. देव बदलला न्हाय." त्यानंतर तो चर्चच्या पायरीवर बसून बाहेरूनच गाणी म्हणायचा. आतल्या सगळ्यांच्यापेक्षा सुरात.

एका भर दुपारी तो रस्त्याच्या कडेला टायर बदलत असताना मागून गाडीनं त्याला उडवलं. जागेवर गेला.

मयत घरी आलं. कबरस्तानात खड्डा खांदायला माणसं गेली तर फाटकात सेक्रेटरीसाहेब उभे. पांढरीशुभ्र सफारी, खिशाला पेन, आवाज लोण्यासारखा मऊ. "मलाही वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण नियम म्हणजे नियम. मंडळीत नाव नाही तर कबरस्तानात जागा नाही." पाळकसाहेब मूग गिळून उभे राहिले. रेखाच्या माहेरचे म्हणाले, किरिस्तावाची मौत हाय, आमच्या मसणात कशी आणणार? ऊन असं होतं की थांबायची सोय नव्हती. शेवटी कबरस्तानाच्या भिंतीबाहेर, भिंत आणि ओढा यांच्या मधल्या पट्टीत, बाभळींमध्ये जागा काढली.

मावशी तिथं उभी होती. रडत नव्हती. खांदणाऱ्यांना सांगत होती, "नीट खांदा. कोपरे नीट काढा. माझं लेकरू लांबडं हाय, त्याचं पाय अवघडू देऊ नका."

माती लोटून झाल्यावर ती सेक्रेटरीसाहेबांपुढं गेली. म्हणाली, "साहेब, भिंत चार हात सरकवा. तेवढंच मागते."

"बघू," साहेब म्हणाले.

त्या 'बघू'ला आता कितीतरी पावसाळे उलटले. भिंत आहे तिथंच आहे.

सगळ्यांना वाटलं, मार्थाबाई आता चर्च सोडणार, दुसऱ्या मंडळीत जाणार. सेक्रेटरीसाहेबांना तर ते हवंच असावं. पण पुढच्या शनिवारी तिच्या घरातून जात्याची घरघर आली. रविवारी पोळी आली, तशीच मऊ, तशीच सारखी कापलेली. ताट फिरायला लागलं. मावशीपुढं आलं. तिनं हात पुढं केला, उलटा केला, आणि उलट्या हातानं ताट पुढं सरकवलं.

आमच्यात शिकवण अशी आहे की मनात कुणाविषयी अढी असेल तर त्या ताटाला हात लावू नये, आधी मिटवून यावं. शिकवण सगळ्यांना पाठ आहे. बांधावरून भावाला कोर्टात खेचणारे पहिल्या रविवारी डोळे मिटून तुकडा उचलतात. मावशीनं तेवढं केलं नाही. पाळकसाहेब तिची समजूत काढायला हॉटेलवर आले तेव्हा मी तिथंच कांदा चिरत होते.

"मार्थाबाई, क्षमा करा. मन मोठं करा," ते म्हणाले.

"तोंडानं म्हणू का? लगेच म्हणते," मावशी भाकरी थापत म्हणाली. "पण मनात हाय तसंच हाय. मग ते खोटं तुमच्या ताटात येईल. म्या एवढा गहू निवडून घेते, खडा न्हाय ठेवत. आन सगळ्यात मोठा खडा सवताच घालू?"

पाळकसाहेबांनी भाकरी मात्र खाल्ली, दोन खाल्ल्या.

आता मजेचा भाग. बायकांच्या बाजूला ताट फिरवायचं काम सेक्रेटरीसाहेबांकडं होतं. म्हणजे दर महिन्याला त्यांना मावशीपुढं येऊन थांबायचं, अख्ख्या चर्चच्या देखत तो उलटा हात बघायचा आणि पुढं जायचं. काही महिन्यांत ते टेकीला आले. त्यांनी युक्ती केली, पुरुषांची बाजू स्वतःकडं घेतली. पुढच्या पहिल्या रविवारी मावशी आली ती सरळ पुरुषांच्या बाजूला गेली आणि पहिल्या बाकावर बसली. एक पंच कुजबुजला, "बाई, ही गड्यांची जागा हाय."

"सुनीलची जागा हाय," मावशी म्हणाली. "रिकामी ऱ्हाती म्हणून बसले."

तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही. त्या दिवसापासून शेवटपर्यंत ती तिथंच बसली. ताट घेऊन साहेब आले की मी बायकांच्या बाजूनं त्यांच्या मानेकडं बघायचे. मान लालबुंद व्हायची. मला ते बघायला फार आवडायचं. पाप असेल तर असो.

पुढं साहेबांच्या मुलानं सोलापुरात हिंदू मुलीशी लग्न केलं. हॉलमध्ये, हार-तुरे, अक्षता, गुरुजी, सगळं. साहेब फोटोत फेटा बांधून उभे आहेत. महिन्याभरात त्याच मुलाला, सुनेला घेऊन ते चर्चमध्ये आशीर्वाद घ्यायला आले. पंचकमेटी बसली नाही. नियम त्या दिवशी कुठंतरी गावाला गेला होता. मी रागानं पेटले. शनिवारी मावशीकडं जाऊन म्हटलं, "उद्याची पोळी करू नकोस. नाहीतर मूठभर मीठ घाल. वाळू घाल. चावू दे दाताखाली."

ती जातं फिरवत राहिली. "पोळीनं काय केलंय? तिला कशाला बट्टा लावू?"

"मग त्यांना तसंच सोडायचं?"

"सोडलं कोण म्हणतंय?" जातं थांबलं. मी तिचे डोळे तसे कधी पाहिले नव्हते. "पोळीत खोट निघाली तर ते माझ्याकडं बोट दाखवून सुटतील. पोळी चोख पाहिजे. ताट चोख पाहिजे. मग त्यांच्याकडं बघायला दुसरं काय उरतंय? फक्त माझा हात. बघू दे."

त्या दिवशी मला मावशी कळली. लोक म्हणतात की ती सोसणारी होती. अजिबात नाही. ती मारणारी होती, फक्त तिचं हत्यार असं होतं की ज्याच्यावर चालायचं त्याला तक्रारसुद्धा करता यायची नाही.

एकदा साहेबांची गाडी हॉटेलसमोरच बंद पडली. ऊन मी म्हणत होतं, आसपास दुसरी सावली नव्हती. साहेब शेडमध्ये येऊन बसले. रेखानं पाणी दिलं, आणि आत येऊन सासूबद्दल मला म्हणाली, "आत्याबाई आता शेळीची भाकरी वाढतील बघा." मावशीनं वाढली ती टम्म फुगलेली, वर लोणी घातलेली. दही दिलं. ठेचा बेताचा दिला, कारण साहेबांना तिखट सोसत नाही हे तिला ठाऊक होतं. साहेब विरघळले. हात धुऊन म्हणाले, "मार्थाबाई, आता जुनं झालं ते सगळं. सोडून द्यायचं."

"व्हय साहेब," मावशी म्हणाली. "भिंत बी जुनी झालीय. पाडून टाका."

साहेब उन्हात जाऊन गाडीपाशी उभे राहिले.

मावशी गेली ती पोटाच्या दुखण्यानं. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. मयत घरी पोचायच्या आत पंचकमेटीनं कबरस्तानात खड्डा खांदून ठेवला. कुठं, तर आत, कडुलिंबाखाली, जुन्या पाळकांच्या ओळीत. मी गेले आणि म्हटलं, बुजवा. मावशीनं मला आणि रेखाला बजावून ठेवलं होतं, सुनीलच्या शेजारी.

"शीलाबाई, हा त्यांचा सन्मान आहे," साहेब म्हणाले.

"तिला सन्मान नको होता," मी म्हटलं. "तिनं चार हात जमीन मागितली होती, तीही पोरासाठी."

बाहेर खांदायला रस्त्यावरचे ड्रायव्हर आले, गाड्या ओळीनं लावून. त्यातल्या निम्म्यांना मराठी येत नव्हतं. रेखा काठावर उभी राहून सांगत होती, "नीट खांदा. कोपरे नीट काढा." मग सगळ्या मंडळीला फाटकातून बाहेर पडून, भिंतीला वळसा घालून, काट्याकुट्यातून तिथं यावं लागलं. साहेबांच्या सफारीत बाभळीचा काटा अडकला. मी शेजारीच होते. मी सोडवला नाही.

आता कानावर येतं की महोत्सवाच्या निमित्तानं भिंत पाडून मार्थाबाईंना आत घ्यायचा ठराव येणार आहे. मार्थाबाईंना. ठरावात सुनीलचं नाव नाही. साहेब, तुम्ही हे वाचत असाल म्हणून थेट सांगते. आई आत घ्यायची असेल तर आधी पोराचं नाव घ्या, सगळ्या मंडळीसमोर, मोठ्यानं, तुमच्या तोंडानं. तोवर पोळी मी आणि रेखा करतो. चोख करतो. आणि ताट माझ्यापुढं आलं की माझाही हात उलटाच होतो, हे तुम्ही बघताच आहात. छापायचं तर हे सगळं छापा, नाहीतर वेलबुट्टी छापा.

मावशीचा फोटो मागितलाय. तो मी देणार नाही. मला शेवटची दिसते ती तिच्या शेवटच्या पहिल्या रविवारची, ती सांगते.

चालवत नव्हतं. आम्ही रिक्षानं आणलं. शनिवारी पोळी तिनंच केली होती, बसून बसून. पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकावर तिला टेकवलं. चेहरा उतरलेला, पदर मात्र नेहमीसारखा चापूनचोपून. साहेब ताट घेऊन आले. तेही आता थकलेत. मावशीपुढं ते थांबले आणि आयुष्यात पहिल्यांदा खाली वाकले.

"आता तरी घ्या, मार्थाबाई," ते हळू म्हणाले. "माझ्यासाठी."

वाकताना ताट कलंडलं आणि एक तुकडा कडेवरून खाली फरशीवर पडला.

मावशी वाकली. पोटाला एक हात धरून, कण्हत, पण स्वतः वाकली. मला मध्ये येऊ दिलं नाही. तुकडा उचलला, फुंकर मारली. साहेबांचे डोळे भरून आले होते, त्यांना वाटलं आता खाणार. मलाही वाटलं. खोटं कशाला बोलू, मला धक्काच बसला.

मावशीनं तो तुकडा पदराच्या टोकात ठेवला आणि गाठ मारली. नीट, दुहेरी गाठ.

"हा सुनीलचा," ती म्हणाली. आणि उलट्या हातानं ताट पुढं सरकवलं.

उपासना संपल्यावर रिक्षा भिंतीला वळसा घालून जाते तिथवर नेली, पुढं मी आणि रेखानं धरून नेलं. बाभळींत ती खाली बसली. गाठ सोडली. तुकडा सुनीलच्या दगडावर ठेवला आणि जरा सरकवून मधोमध केला. भिंतीपलीकडं लोक बोलत होते, साहेबांचाही आवाज येत होता. तिनं तिकडं मान वळवली नाही. मग माझ्याकडं हात केला.

"उठव," म्हणाली. "डायवर खोळंबले असतील. तवा ठिवायचाय."